मदत हवी आहे: चाइल्ड सपोर्ट बंद झालाय, स्टेटच्या एजन्सीकडे केस टाकू का? (अमेरिका)

आधीच सांगते, पोस्ट लांब आहे.

डिव्होर्सला तीन वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा, माझ्याकडे असतो, सुट्टीत बाबाकडे. कोर्टाच्या ऑर्डरमध्ये चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी बाबाने द्यायचे पैसे, महिन्याला ९०० डॉलर आहेत पण तेव्हा आम्हीच समजुतीने ठरवलं की तो डायरेक्ट माझ्या खात्यात टाकेल, उगाच मधे सरकार कशाला. दीड वर्ष नीट चाललं, मग कधी ५०० कधी ३००, आणि नोकरी बदलून दुसऱ्या स्टेटमध्ये गेल्यापासून चार महिने एक डॉलर नाही. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी तारखा लिहून ठेवल्यात, बहुतेक तारखांपुढे फक्त "टाकतो" एवढंच आहे कारण त्याचा मेसेजच तेवढा असतो.

वकिलीणबाई आधी रिटेनर (आगाऊ फी) मागतायत, तो परवडला असता तर रडत कशाला बसले असते. ऑफिसमधली एक म्हणाली की प्रत्येक स्टेटची चाइल्ड सपोर्ट एजन्सी असते, तिकडे जा. मला वाटायचं ते फक्त वेल्फेअर (गरिबांसाठीची सरकारी मदत) घेणाऱ्यांसाठी असतं, माझी तर नोकरी आहे. आणि तो दुसऱ्या स्टेटमध्ये आहे तर केस इथे टाकायची की तिथे? नवीन कंपनीचं नावसुद्धा मला माहीत नाही. भांडायचं नाहीये हो मला, दर महिन्याला मागायला लागतं त्याचाच वीट आलाय.

अजून एक, खरं खरं सांगा. पैसे येईपर्यंत सुट्टीत मुलाला पाठवलंच नाही तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, बिनधास्त टाका, मी यातून गेलेय. ही सोय १९७५ च्या फेडरल कायद्यापासून आहे आणि उत्पन्नाची अट नाही. अर्जाची फी जास्तीत जास्त २५ डॉलर, आणि वर्षात त्यांनी ५५० डॉलर वसूल करून दिले की पुढे वर्षाला ३५ डॉलर कापतात. रिटेनरपुढे हे काहीच नाही.

केस तुमच्याच स्टेटमध्ये टाका, पुढचं त्यांचं ते बघतात. कंपनीचं नाव नसलं तरी अडत नाही, कारण नवीन माणूस घेतला की कंपनीला २० दिवसांत स्टेटला कळवावं लागतं आणि ती माहिती देशभराच्या एका डेटाबेसमध्ये जाते. तिथे नाव सापडलं की कंपनीलाच पगारातून कापायची ऑर्डर जाते, पैसे स्टेटच्या पेमेंट युनिटमार्फत तुमच्याकडे. म्हणजे "टाकतो" हा विषयच संपला. मात्र तो स्वतःचा धंदा करत असेल तर पगारच नाही, कापणार कुठून, मग टॅक्स रिफंड अडवणं, ड्रायव्हिंग लायसन्स सस्पेंड करणं असले उपाय. थकबाकी २५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्टही मिळत नाही, रिन्यूही होत नाही. तुमची तर आत्ताच त्याच्या वर आहे.

ती वही जपा. किती आले किती राहिले याचा महिनावार हिशोब सही करून द्यावा लागतो, सोबत बँक स्टेटमेंट लावा, अर्धवट आलेले ५००-३०० सुद्धा लपवू नका. आणि एजन्सीचा वकील तुमचा वकील नसतो, तो स्टेटचा असतो, हे मला फार उशिरा कळलं.

प्रतिसाद २

मी पैसे भरणाऱ्या बाजूचा आहे, जोडे मारू नका.

मुलाला न पाठवायचं मनातून काढून टाका ताई. भेटी आणि पैसे या कोर्टाच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याने पैसे थकवले तरी तुम्ही ऑर्डर मोडलीत तर तुमच्यावरच उलटेल. एजन्सी तर भेटींच्या भानगडीत पडतच नाही. शिवाय पोराला बाबा हवाच असेल ना.

माझा पगार दर पंधरवड्याला कापून येतो, पहिल्यांदा अपमान वाटला होता, आता बरं वाटतं कारण आम्ही दोघं पैशांवरून बोलतच नाही. त्याची नोकरी खरंच गेली असेल तर त्याने लगेच ऑर्डर बदलून घ्यायला अर्ज करायला हवा होता, कारण चढलेली बाकी कोर्टसुद्धा मागे जाऊन कमी करू शकत नाही, तसा कायदाच आहे १९८६ पासून. गप्प बसणं त्यालाच महागात पडतंय.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. न पाठवण्याचं रागात लिहिलं होतं, तिकीट आधीच काढलंय त्याचं. काल रात्री फॉर्म भरायला बसले, ऑर्डरची कॉपी सापडली, त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर जुन्या टॅक्स रिटर्नवर मिळाला. एकच राहिलं, आता केस टाकल्यावर त्याने परत डायरेक्ट खात्यात पैसे टाकले तर घेऊ की नको?

प्रतिसाद १

आले तर त्याच दिवशी केसवर्करला लेखी कळवा, नाहीतर हिशोबात गोंधळ होतो. आणि त्याला सांगा, यापुढे युनिटमध्येच भर.