तुमचं मूल वाचायला कसं लागलं? पहिलीच्या वाचनाचे अनुभव लिहा

माझी लेक यंदा पहिलीत आहे. मराठी माध्यम, पुणे. दिवाळीच्या सुट्टीत ती पुस्तक घडाघडा वाचून दाखवायची. आजीने दृष्ट काढायची तेवढी बाकी होती. एक दिवस सहज त्याच धड्यातले चार शब्द मी वाणसामानाच्या यादीमागे लिहिले आणि बाईसाहेब गप्प. 'नळ'सुद्धा येईना. म्हणजे चित्र बघून आख्खं पान पाठ केलेलं होतं, बोट तेवढं ओळीखालून फिरत होतं. शाळेतल्या पालकसभेत मात्र 'वाचन उत्तम' असा शेरा मिळाला होता.

तेव्हा विचारते: पहिलीत नेमकं किती वाचता यायला हवं? तुमच्याकडे काय झालं? शिक्षक असाल तर जरूर लिहा.

जि. प. शाळेतली बाई, धुळे जिल्हा

ताई, शेरा लिहिणाऱ्यांचीही थोडी बाजू घेते. एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र असली की प्रत्येक पोराला वेगळं वाचायला लावणं होत नाही, आणि एकाने सुरुवात केली की बाकीचे सूर धरतात.

किती यावं, ते ठरलेलं आहे. ५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, लहान वर्गांतल्या पोरांना वाचता-लिहिता आणि साधं गणित यावं म्हणून. त्यात पहिलीच्या शेवटी ४-५ सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत असं आहे, पण मजकूर अनोळखी हवा. तुमची वाणसामानाची यादी हीच खरी परीक्षा! मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे दुसरीचं लक्ष्य. पहिलीच्या पोरामागे घड्याळ लावून बसू नका.

आम्ही 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत रांगेने जात नाही. चार-पाच अक्षरं आणि काना एवढं झालं की लगेच शब्द करायचे. मगर, नाग, राग, गाजर. अक्षरं सगळी ओळखतात पण 'म', 'ग', 'र' सुटं म्हणून थांबतात, अशी पोरं वर्गात निम्मी तरी असतात. त्यांचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. मी म्हणते, "आता पटकन म्हण, शेवटचं अक्षर तोडून." 'मगर' मधला 'र' पाय मोडल्यासारखाच तर बोलतो आपण.

आणि एक. आमच्या पोरांची घरची बोली अहिराणी. 'पाणी' लिहिलेलं असतं, पोरगं 'पानी' वाचतं. त्याला वाचता आलंय! पहिल्या सहामाहीत मी तिथे टोकतच नाही.

आजोबा, सांगली

आमच्या वेळी बिगरीत पाटीवर एकच अक्षर दिवसभर गिरवायचं. बाराखडी सुरात. क काना का, क ला पहिली वेलांटी कि. सूर अजून डोक्यात आहे, पण वाचायला मी शिकलो ते भेळेच्या पुडीच्या कागदावर.

नातवाला घेऊन संध्याकाळी एसटी स्टँडवर बसतो. गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. 'तासगाव' पहिल्या झटक्यात. 'कराड' आलं. 'विटा' ला अडला. म्हणाला, "इवटा." मी हसलो, तर पोराने मलाच विचारलं, "वेलांटी आधी उभी आहे, मग 'इ' आधी का नाही म्हणायची?" सत्तर वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. लिहिताना आधी, बोलताना नंतर. काना असं करत नाही, दुसरी वेलांटीही नाही. त्याला सांगितलं, ही पाहुण्याच्या आधी पोचलेली बॅग आहे. आता 'मिरज' ची गाडी आली की "बॅग आली" म्हणून ओरडतो.

ठाणे, इंग्रजी माध्यम

आमच्याकडे सीनिअर केजीतच वाचायला हवं होतं. 'द', 'सेड', 'वॉज' असे शब्द नुसते चेहरा लक्षात ठेवल्यासारखे पाठ. पहिलीत क्लास लावला, रडारड झाली, क्लास बंद केला. दुसरीत आपोआप वाचायला लागला. पैसे गेले ते गेले.

न्यू जर्सी, रविवारची मराठी शाळा

मुलगा इंग्रजी वाचतो, म्हणून आम्ही ऐटीत सांगितलं होतं की मराठीत जसं लिहितात तसंच वाचतात. त्याने 'चहा' वाचलं आणि 'चमचा' ही त्याच 'च' ने वाचला. मी दुरुस्त केलं तर म्हणे, "मग खूण कुठाय?" खूण नाहीच. 'जीभ' आणि 'जाळं' यांच्यातही नाही. घरात मराठी कानावर पडत असेल त्या मुलाला हे कळतही नाही, आमच्याकडे दर रविवारी एक खटला उभा राहतो.

नाशिक

आमचं भांडण 'घ' आणि 'ध' चं. 'धर' म्हटलं की 'घर'. मग 'म' आणि 'भ'. बाईंनी सांगितलं, वरची रेघ बघायला शिकवा: 'घ', 'म' चं छप्पर पूर्ण आहे, 'ध', 'भ' चं फुटकं. आठवड्यात फरक पडला. (आमच्या ह्यांचं नाव 'भ' वरून आहे, ते आता घरात 'फुटकं छप्पर'.)

शिक्षक, निवृत्त

एक सुचवतो, मुलांची नावं जरा बघा. जोडाक्षरं नंतर येतात, आणि हजेरीत प्रणव, श्रेया, आर्या, ज्ञानेश! पोराला स्वतःचं नावच सगळ्यात शेवटी वाचता येतं. शेवटच्या वर्षी वर्गात एक 'कमल' होती, ती काय तोऱ्यात असायची.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. पुस्तक महिनाभर कपाटात ठेवलं आणि रोज चार शब्दांची चिठ्ठी डब्यात टाकते. परवाच्या चिठ्ठीत 'आज गाजर हलवा आहे' होतं. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "हलवा नव्हता, नुसतं गाजर होतं. तू चुकीचं लिहिलंस."

काल गिरणीत दळण टाकायला गेलो, तर पाटीवरचं 'पीठ' वाचलं तिने. पण 'दळण' चं 'दलण' झालं. 'ळ' साठी कुणाकडे काही युक्ती असेल तर लिहा ना.