विषय: जुनी हेल्मेटं द्यावीत की टाकावीत?

मंडळी, नमस्कार.

गॅरेज आवरायला काढलंय. मोटरसायकल कधीच विकली, पण हेल्मेटं फळीवर तशीच आहेत. दोन पूर्ण चेहरा झाकणारी, एक अर्धं, आणि एक कुणाचं हे घरात कुणालाच आठवत नाही. दिसायला चांगली आहेत, त्यामुळे टाकवत नाहीत. मंडळाच्या जुन्या सामानाच्या संकलनात चालतील का? नाहीतर काय करतात लोक यांचं?

———

उत्तर:

ताई, टाकू बिकू नका. ज्याच्याकडे हेल्मेटच नाही अशा कुणाला तरी देऊ. उघड्या डोक्यानं गाडी चालवण्यापेक्षा जुनं हेल्मेट केव्हाही बरं. संकलनाच्या खोक्यात ठेवा, पुढचं मी बघतो.

———

उत्तर:

अहो दादा, घाई करू नका. खोक्यात तर मुळीच नको.

हेल्मेटमध्ये डोकं वाचवतो तो मुख्यतः आतला थर्माकोलचा थर. वरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही, पण धक्का पचवायचं काम थर्माकोलचं. डोकं आपटलं की तो चिरडतो, त्या चिरडण्यात ऊर्जा खर्च होते आणि डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. तेवढ्यावरच सगळा खेळ असतो. कल्पना जुनी आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोम्बार्ड आणि रॉथ यांना असल्या चिरडणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट १९५३ साली मिळालं, आणि तत्त्व आजही तेच आहे.

गोची अशी की एकदा दबलेला थर्माकोल परत फुगत नाही. पुढच्या वेळी त्या जागी चिरडायला काही उरलेलंच नसतं. आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं कवच मार खाऊनही बऱ्याचदा पहिल्यासारखं होतं, त्यामुळे बाहेरून दोन ओरखड्यांपलीकडे काही कळत नाही. म्हणून ‘दिसायला चांगलं’ या शब्दावर मी तरी कुणाचं डोकं सोपवणार नाही.

तुमच्याकडचं ते अनोळखी हेल्मेट सरळ बाद. बाकीच्यांचं आतलं कापडी अस्तर काढा, बहुतेकांना टिचबटणं असतात. उजेडात धरून थर्माकोलवर अंगठा फिरवा. एखादी जागा दबलेली, आजूबाजूपेक्षा गुळगुळीत लागते का? केसाएवढी भेग? कडेला कवच आणि थर्माकोल यांत फट? पट्टा जिथे कवचाला रिव्हेटनं जोडलाय तिथली शिवणही ओढून बघा. अस्तर काढताना काळा भुगा हातावर पडला तर तो गादीचा कुजलेला स्पंज. तेवढ्यावरूनही हेल्मेट डोक्यावर पूर्वीसारखं घट्ट बसणार नाही हे समजा. यात काही सापडलं तर हेल्मेट गेलंच. काही सापडलं नाही म्हणून ते ठणठणीत ठरतं असं मात्र नाही.

———

उत्तर:

काका, पटलं, पण मग ते ‘पाच वर्षांनी बदला’ काय प्रकरण आहे? मला तर तो माल खपवायचा धंदा वाटतो. थर्माकोल शेकडो वर्षं कुजत नाही म्हणून एकीकडे ओरड, आणि हेल्मेटात तो पाच वर्षांत मरतो?

———

उत्तर:

शंका रास्त आहे. पाच वर्षांची शिफारस कंपन्यांबरोबर स्नेल फाउंडेशनही करतं, आणि स्नेल हेल्मेटं विकत नाही, तपासतं. विल्यम ‘पीट’ स्नेल हा हौशी रेसर १९५६ साली शर्यतीतल्या अपघातात डोक्याला मार लागून गेला, त्यातून ही संस्था १९५७ मध्ये उभी राहिली. पण पाच हा आकडा प्रयोगशाळेतून मोजून आलेला नाही, सर्वांनी मिळून ठरवलेला आहे, हे तेही मान्य करतात. शोएईसारखी कंपनी खरेदीपासून पाच किंवा निर्मितीपासून सात वर्षं म्हणते. जुन्या सायकल-हेल्मेटांच्या फोमवर झालेल्या चाचण्यांत नुसत्या वयानं फोम फारसा बिघडलेला दिसला नाही, म्हणजे तुमचं म्हणणं अगदीच वावगं नाही.

थकतं ते बाकीचं. घाम, केसांचं तेल, ऊन, गोंद, पट्टा, गादी. गादी बसली की हेल्मेट सैल, आणि सैल हेल्मेट ऐन वेळी डोक्यावरून निघून जातं. शिवाय गॅरेजमध्ये पेट्रोल आणि थिनरशेजारी ठेवलं असेल तर त्यांनी थर्माकोल विरघळतो आणि पॉलिकार्बोनेटही कमजोर होतं. कॅलेंडर दुय्यम. हेल्मेटानं काय सोसलंय ते आधी विचारायचं, आणि ते फक्त मूळ मालकालाच माहीत असतं.

आता ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ या मुद्द्याबद्दल. रस्त्यात उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या माणसापुरतं ते खरं आहे. पण हेल्मेट फुकट मिळालं की माणूस पुढची कित्येक वर्षं नवं घेत नाही. मंडळानं दिलंय म्हणजे चांगलंच असणार, असं समजून तो ते घालतो. द्यायचंच असेल तर वर्गणी काढून नवं, त्याच्या मापाचं द्या. मी पहिली वर्गणी देतो.

———

उत्तर:

विषयांतराची परवानगी गृहीत धरतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी १९३५ साली मोटरसायकलच्या अपघातात गेला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या मोटरसायकल-अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये निबंध छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं.

———

उत्तर:

छान माहिती, पण गॅरेज अजून भरलेलंच आहे हो. — सचिव

———

उत्तर:

ताई, पूर्ण चेहऱ्याची दोन्ही मला द्या. प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला ती कायम कमी पडतात.

जखमी मोटरसायकलस्वाराचं हेल्मेट उगाच काढायचं नसतं, मान दुखावलेली असू शकते. पण श्वास नीट चालत नसेल तर काढावंच लागतं, आणि ते दोघांचं काम आहे. एकजण डोक्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून हेल्मेट दोन्ही हातांनी स्थिर धरतो. दुसरा काच वर करतो, पट्टा सोडतो, मग एक हात जबड्याशी आणि दुसरा मानेखाली घालून डोकं पेलतो. पहिला हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून हळूहळू ओढतो. नाकाशी हमखास अडतं, तिथे जरा मागे कलतं करायचं. सगळे तिथेच घाई करतात. बाहुल्यावर हे शिकवता येत नाही असं नाही, पण खऱ्या माणसाचं नाक मध्ये आलं की हात आपोआप जपून चालतात.

टाकायच्या हेल्मेटांचे पट्टे कापतात हे खरं, पण काकांची क्षमा मागून, या दोन्हींचे कापू नका. पट्टा सोडायचाही सराव लागतो, दुहेरी कड्यांचा तर फारच. त्याऐवजी चारही बाजूंनी लाल रंगात ‘फक्त सरावासाठी’ लिहा. रंगानं कवच कमजोर झालं तरी आम्हाला फरक पडत नाही.

———

उत्तर:

क्षमा कसली, उत्तम. फक्त वर्ग संपल्यावर ती कुणी घालून घरी जाणार नाही एवढं बघा.

उरलेल्यांचे पट्टे मात्र मुळाशी कापा आणि आत मार्करनं मोठी फुली मारा. कचऱ्यातून उचलून कुणीतरी घालतंच. कवच, थर्माकोल, कापड सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं, म्हणून आख्खं हेल्मेट पुनर्वापराच्या डब्यात टाकून उपयोग नाही. थर्माकोल सुटून आला आणि तुमच्याकडे तो घेणारं केंद्र असेल तर तिथे द्या, बाकीचं साध्या कचऱ्यात. कवच फायबरग्लासचं असेल तर करवत लावू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.

———

उत्तर:

आणि कुंडी? सगळीकडे फोटो फिरतात.

———

उत्तर:

अर्ध्या हेल्मेटची होते, टांगून. थर्माकोल काढा, तळाला भोक पाडा. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटातून माती काचेच्या जागेतून सांडत राहते. आणि पट्ट्यावर टांगू नका, साखळी घ्या.

———

उत्तर:

ठरलं तर मग. पूर्ण चेहऱ्याची दोन्ही प्रथमोपचाराच्या वर्गाला, अनोळखी कचऱ्यात, अर्धं कुंडीसाठी ज्याला हवं त्यानं न्यावं. दादा, खोक्यात काही ठेवत नाहीये, वर्गणीत मला धरा.

जुन्याबरोबर एक जादा काच न वापरलेली, पाकिटातली निघाली आहे. त्याच मॉडेलचं हेल्मेट कुणाचं असेल तर लेबलाचा फोटो पाठवते.

———

उत्तर:

पाठवा. माझी ओरखड्यांनी आंधळी झालीय.