फायबरग्लासच्या जुन्या खुर्चीवरचा पेंट कसा काढायचा?

रंगहीन: जुनी फायबरग्लासची खुर्ची मिळालीय, पाठ-बैठक एकसंध, खाली लोखंडी पाय. कुणीतरी तिच्यावर ब्रशने जाड पांढरा पेंट फासलाय, ओघळसुद्धा तसेच वाळलेत. कडेचा एक पोपडा निघाला तर खाली मोहरीसारखा पिवळा रंग आणि त्यात बारीक धागे दिसतायत. मला तो पिवळा हवाय. पेंट रिमूव्हर लावू की सरळ सँडर फिरवू?

खरवडे: सँडर अजिबात नको!! धागे दिसतायत म्हणजे रंग वरून दिलेला नाही, रेझिनमध्येच (धागे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकमध्ये) मिसळलेला आहे, १९५० पासून आलेल्या ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याच्या खुर्च्या अशाच असायच्या. तो थर घासलात की धागे उघडे पडतात, मग बसणाऱ्याला खाज. रिमूव्हर घ्यायचा तर डब्यावर फायबरग्लासला चालतो असं लिहिलेलाच घ्या, मिथिलीन क्लोराइडवाला पेंटबरोबर रेझिनही मऊ करतो आणि त्याची वाफ जीवघेणी असते, अमेरिकेत तर २०१९ पासून घरगुती वापरासाठी विकायलाच बंदी आहे.

गॅलरीतला_सुतार: त्याआधी स्पिरिटचा बोळा एका कोपऱ्यात दाबून धरा. बोळ्याला रंग लागला तर वॉटर बेस्ड पेंट आहे, मग स्पिरिट आणि प्लास्टिकची पट्टी एवढ्यावर काम भागतं, वेळ लागतो पण खालचा थर शाबूत राहतो. काहीच नाही लागलं तर बहुतेक ऑइल पेंट.

रंगहीन: बोळा कोराच. म्हणजे रिमूव्हर आला. हीट गननं पटकन नाही का होणार?

खरवडे: पेंट फुगेल हो, पण खालचं रेझिनही करपून पिवळं-तपकिरी होईल, आणि पेंटमध्ये शिसं असलं तर धूर घ्याल. रिमूव्हर आधी बैठकीच्या खालच्या बाजूला छोट्या जागेत लावून बघा, पृष्ठभाग चिकट झाला तर लगेच पुसा. ठीक वाटलं तर थोडा थोडा भाग घ्या, पेंट सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीनं उचला, वाळू देऊ नका. लोखंडी पट्टी नको, तिचे ओरखडे जात नाहीत.

दुपारची_झोप: शिशाचं आधी टेस्ट किटनं बघा ना, जुना पेंट आहे. काही असो, कोरडं घासू नका. शेवटी डाग राहिलेच तर ६०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी सोडत, हलक्या हातानं. ग्लोव्हज आणि मास्क हवाच.

गॅलरीतला_सुतार: खाली पाय जिथे बसतात तिथे रबराच्या चकत्या चिकटवलेल्या असतील तर रिमूव्हर तिकडे जाऊ देऊ नका, चकती सुटली की खुर्ची पायांवरून निखळते. पाय काढून चकत्यांवर टेप लावा, मग सुरू करा.

रंगहीन: चकत्या आहेत, चार, एक आधीच हलतेय. आधी तीच नीट चिकटवतो, टेस्ट किट मागवतो, मग रिमूव्हर.