मदत हवी आहे: डबल मार्करचं रक्त पाळीच्या तारखेवरून दिलं आणि सोनोग्राफीत आठवडा कमी निघाला

नमस्कार. पहिलंच बाळ आहे, वय ३१. कालपासून काही सुचत नाहीये म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

माझी पाळी पहिल्यापासून उशिराच, ३५-३६ दिवसांनी. डबल मार्करला, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या टेस्टला, रक्त दिलं तेव्हा लॅबवाल्यांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, मी सांगितली, त्यावरून त्यांनी १२ आठवडे ३ दिवस लिहिले. पाळी किती दिवसांनी येते हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजणारी सोनोग्राफी) चार दिवसांनी होता म्हणून फॉर्मवर सोनोग्राफीच्या रकान्यात नुसती रेघ मारलीये, आणि वजनाचा रकाना तर रिकामाच आहे, हे आत्ता फॉर्मचा फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं.

स्कॅनच्या दिवशी बाळ पालथं पडून होतं, डॉक्टरांनी मला कुशीवर वळवलं, खोकायला लावलं, दहा मिनिटं फेऱ्या मारून यायला सांगितलं, तेव्हा कुठे ते वळलं. सीआरएल म्हणजे बाळाची डोक्यापासून खालपर्यंतची लांबी ५२ मिमी, एनटी १.४ मिमी, नाकाचं हाड दिसतंय. सगळं छान, पण वय आलं ११ आठवडे ६ दिवस. पाळीच्या हिशोबाने त्या दिवशी १३ आठवडे पूर्ण होत होते, म्हणजे ८ दिवसांचा फरक. डॉक्टर म्हणाल्या बाळाची वाढ चांगली आहे, आता तारखा याच धरायच्या. मी निवांत घरी आले.

आणि काल रक्ताचा रिपोर्ट आला. डाउन सिंड्रोमची रिस्क १:१८०, लॅबचा कटऑफ १:२५०, लाल अक्षरात ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’. या टेस्टमध्ये रक्तातले जे दोन घटक मोजतात त्यातलं पॅप-ए कमी, फ्री बीटा एचसीजी जास्त. आणि वर दिवस तेच जुने, १२ आठवडे ३ दिवस! नवरा म्हणतो १८० जणींत १७९ बाळांना काही नसतंच ना, बरोबर आहे त्याचं, पण रात्री तीनला जाग आली की मला तो उरलेला एकच दिसतो.

डॉक्टर आता शुक्रवारी भेटतील. तोवर कोणी सांगेल का, रक्त परत द्यावं लागेल का? का त्याच रक्तावर नवीन तारखेने हिशोब होतो? आणि परत द्यायचं झालं तर वेळ गेली तर नाही ना, सोनोग्राफीप्रमाणे आज १२ आठवडे १ दिवस झालाय.

प्रतिसाद १

ताई, मी लॅबमध्येच काम करते, आधी शांत व्हा. रक्त दिलंत तेव्हा सोनोग्राफीच्या हिशोबाने तुम्हाला ११ आठवडे २ दिवस झाले होते. या टेस्टचं रक्त १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत चालतं, एनटीची मुदत ११ आठवड्यांपासून तिथपर्यंतच, त्यामुळे तुमचं दोन्ही वेळेतच झालंय. रक्त बरोबर आहे, चुकलाय तो हिशोब.

रिपोर्टमधला ‘एमओएम’ आकडा बघा. त्याच दिवसांच्या बाकीच्या बायकांचं जे मधलं प्रमाण असतं त्याच्या किती पट तुमचं आहे, एवढंच तो सांगतो. या काळात पॅप-ए आठवड्यागणिक वाढत जातं आणि फ्री बीटा एचसीजी उतरत जातं. तुमचे दिवस ८ ने जास्त धरले म्हणून तुमचं पॅप-ए आहे त्यापेक्षा कमी वाटलं आणि बीटा जास्त वाटलं. डाउन सिंड्रोममध्ये साधारण असंच चित्र दिसतं, पॅप-ए कमी आणि बीटा जास्त, म्हणजे तारखेची एकच चूक दोन्हीकडून रिस्क वाढवते. वजनाचाही परिणाम होतो, वजन जास्त असेल तर रक्तात हे घटक विरळ दिसतात, म्हणून तो रकाना रिकामा सोडायचा नसतो.

सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि वजन लॅबला पाठवा आणि सरळ म्हणा, सीआरएल आणि एनटी घालून रिस्क परत काढून द्या. जुळी आहेत का, आयव्हीएफ आहे का, डायबिटीस, सिगारेट, हे सगळं फॉर्मवर नीट लिहिलंय ना तेही बघून घ्या. सुई परत टोचायची गरज नाही.

प्रतिसाद २

अगं, वरच्या ताईंनी सांगितलंय ते आधी कर. माझं उलट झालं होतं, मला कळलंच उशिरा आणि एनटीची वेळ निघून गेली, मग १६ व्या आठवड्यात क्वाड्रपल मार्कर, म्हणजे रक्तातले चार घटक बघणारी टेस्ट केली. ती १५ ते २० आठवड्यांत होते. पण तू आता ‘खात्री म्हणून’ क्वाड्रपल वेगळी करू नकोस, एकावर एक स्क्रीनिंग केलं की उगाच घाबरवणारे रिपोर्ट वाढतात. नवीन हिशोबातही रिस्क जास्तच आली तर एनआयपीटीबद्दल विचार, ती १० आठवड्यांनंतर कधीही होते, वारेतून (प्लासेंटातून) आईच्या रक्तात येणारा डीएनए तपासतात आणि डाउनसाठी ती डबल मार्करपेक्षा बरीच अचूक आहे. तरी तीही स्क्रीनिंगच. पक्कं निदान वारेचा तुकडा काढून किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासूनच होतं. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच, घाईत नको.

आणि थॅलेसेमियाची (आईवडिलांकडून बाळाला येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) टेस्ट झालीये ना? ती पहिल्याच भेटीत व्हावी लागते, म्हणजे गरज पडली तर नवऱ्याची तपासणी वेळेत होते. सगळे मार्करच्या मागे लागतात आणि ही राहून जाते.

धागाकर्ती

दोघींचे खूप खूप आभार, तुमचं वाचून काल रात्री पहिल्यांदा नीट झोपले. सकाळी लॅबला सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि ६४ किलो वजन कळवलं, त्यांनी काही कटकट न करता संध्याकाळी नवीन रिपोर्ट दिला. रक्तातले आकडे तेच, वरचे दिवस ११ आठवडे २ दिवस, एनटी धरलेली, रिस्क १:१३५०, लो रिस्क. शुक्रवारी दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवणार आहेच. थॅलेसेमियाची झालीये, नॉर्मल आहे.

आता एकच विचारायचंय. माझ्या फाईलवर १९ व्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी आणि २४ ते २८ आठवड्यांतली साखरेची टेस्ट, दोन्हीच्या तारखा पाळीवरूनच घातल्यात. त्या पण ८ दिवस पुढे जाणार ना?