‘कमीत कमी’ म्हटलं की चिन्ह कुठलं?

नमस्कार मंडळी,
लेक आठवीत आहे. समीकरणं झटपट सोडवते, पण असमानतेची शाब्दिक उदाहरणं आली की अडते. कालचं उदाहरण असं: लिफ्टची क्षमता 600 किलो, चालकाचं वजन 72 किलो, एकेक खोकं 38 किलोचं. एका फेरीत जास्तीत जास्त किती खोकी नेता येतील? तिने ≥ लावलं आणि उत्तर 14 लिहिलं. कसं समजावू?

---

ताई,
पहिली चूक गणिताची नाहीच, भाषेची आहे. ‘जास्तीत जास्त’ ऐकलं की हात ‘जास्त’चं चिन्ह काढायला जातो. ‘कमीत कमी’मध्ये तर ‘कमी’ दोनदा येतं आणि चिन्ह मात्र ≥! इंग्रजीतल्या ‘ॲट लीस्ट’नेही मुलं अशीच फसतात. पाठ करून हे सुटत नाही. मी मुलांना चिन्ह काढण्याआधी दोन प्रश्न विचारायला लावते: नेमके 600 किलो झाले तर चालेल? 601 झाले तर? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, म्हणून ≤, खालच्या रेघेसकट. (< आणि > ही चिन्हं हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या 1631 साली निघालेल्या पुस्तकात छापून आली. ‘किंवा बरोबर’ दाखवायला खाली रेघा दिल्या बुगे या फ्रेंच गणितज्ञाने, 1734 साली. एवढ्याशा रेघेला शंभर वर्षं लागली, मला याचं फार अप्रूप वाटतं.)

आता 72 + 38x ≤ 600, म्हणून 38x ≤ 528, म्हणजे x साधारण 13.89 पर्यंत. इथे तिने सवयीने पुढचा पूर्णांक धरला. 14 खोकी ठेवून वजन करायला सांगा: 72 + 532 = 604. लिफ्ट हलणार नाही. उत्तर 13. पण 130 जणांना 48 आसनांच्या बसमधून न्यायचं असेल तर 48x ≥ 130, x निदान 2.7, आणि बस लागतात 3. तिथे वरच जायचं. खाली की वर, हे गोष्टच सांगते.

---

ताई, 13 पटलं! आता नवा अडथळा. टाकीत 900 लिटर पाणी, तासाला 40 लिटर जातं, किमान 250 उरायला हवं. 900 − 40t ≥ 250. ऋण संख्येने भागलं की चिन्ह का उलटतं, असं विचारते.

---

संख्यारेषा काढून द्या. 3 हा 5 च्या डावीकडे. दोघांना −1 ने गुणलं की रेषा शून्याभोवती उलटते आणि −3 जातो −5 च्या उजवीकडे. तरी शंका राहिली तर 40t पलीकडे नेऊ दे: 650 ≥ 40t. ऋण भागाकार करावाच लागत नाही. t ≤ 16.25, आणि इथे पूर्णांक करायचा नाही, वेळ तुकड्यांतही मोजता येतो.

---

16 तास 15 मिनिटं आलं. मग तिने आपणहून साडेसोळा तास घालून पाहिले: 240 लिटर. म्हणाली, “आई, दहा लिटर कमी पडले.”