मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी: अमेरिकेतील दरी वर्णाची की विम्याची?

सांजवात

कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनेते चॅडविक बोसमन ऑगस्ट 2020 मध्ये, वयाच्या 43व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. तेव्हापासून या आजाराकडे अमेरिकेतील वर्णभेदाच्या अंगाने पाहिले जाऊ लागले, परंतु आकडे त्याआधीपासून समोर होते. तेथील कृष्णवर्णीयांमध्ये हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा सुमारे 20 टक्के अधिक आढळतो आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे 40 टक्के अधिक आहे. हा आजार बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरील लहानशा गाठीपासून, कित्येक वर्षे घेत वाढतो आणि ती गाठ कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदमार्गातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीच्या, वेळीच काढून टाकता येते. ज्या कर्करोगाला आधीच अडवता येते, त्यात वर्णानुसार इतके अंतर उरावे, हे मला अन्यायाचे वाटते.

हे अंतर रक्तातच असते, तर ते मिटले नसते. डेलावेअर राज्याने 2002 पासून तपासणीची मोहीम हाती घेतली, लोकांना हाताला धरून तपासणीपर्यंत नेणाऱ्या परिचारिका नेमल्या, कृष्णवर्णीय वस्त्यांकडे विशेष लक्ष दिले आणि विमा नसलेल्यांच्या कर्करोगावरील उपचारांचा खर्चही उचलला. 2009 पर्यंत कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 74 टक्क्यांवर, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आले, आणि मृत्यूदरातील तफावत जवळजवळ नाहीशी झाली. इतर राज्यांनीही वर्णानुसार लक्ष्य ठरवूनच हे काम करावे, असे माझे मत आहे.

गोदातीर

आपली कळकळ समजते, परंतु निष्कर्ष पटत नाही. बोसमन यांचे निदान 2016 मध्ये, चाळिशीच्या आत झाले. तपासणीचे वय पन्नाशीवरून 45 वर आणण्याची राष्ट्रीय शिफारस 2021 मध्ये झाली. ती तेव्हा असती तरी त्यांच्या उपयोगी पडली नसती. शिवाय त्यांना पैशाची अडचण असण्याचे कारण नव्हते. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूवरून धोरण ठरवू नये.

डेलावेअरमध्ये उपचारांचे पैसे भरले ते विमा नसलेल्यांचे. म्हणजे औषध लागू पडले ते गरिबीवर. वर्ण हा निकष धरला, की श्रीमंत कृष्णवर्णीय त्यात येतो आणि पूर्व अमेरिकेच्या डोंगराळ अ‍ॅपलेशियातील गरीब गोरा बाहेर राहतो. विमा सर्वांना द्या, तपासणी विनामूल्य करा. वर्णाची वेगळी रांग कशासाठी?

अटलांटाकर

मी जॉर्जियातील एका रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून ‘विनामूल्य’ या शब्दाविषयी लिहिते. 2010 च्या आरोग्यसेवा कायद्यानंतर बहुतेक विमाधारकांना तपासणीसाठी पैसे पडत नाहीत. तरीही कोलोनोस्कोपी म्हणजे आदल्या दिवशी पातळ आहार आणि रेचक, दुसऱ्या दिवशी गुंगीचे औषध, आणि घरी न्यायला सोबत माणूस हवाच. तासावर मजुरी मिळवणाऱ्या घरात एका तपासणीपायी दोघांचा रोज बुडतो. शौचाच्या नमुन्याची चाचणी घरी करता येते. पण तिच्यात रक्ताचा अंश सापडला, तर पुढे कोलोनोस्कोपी करावीच लागते, आणि त्या दुसऱ्या पायरीचा खर्च अनेक विमा कंपन्या आता आतापर्यंत रुग्णावर टाकत होत्या. माणसे गळतात ती इथे.

मात्र गोदातीर यांचे सगळे मान्य करूनही वर्ण बाजूला सारता येत नाही. टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस सरकारी संशोधकांनी उपचार न देता केवळ पाहत ठेवला. ते गाव शेजारच्या अलाबामात आहे. एका वयस्क रुग्णाने मला विचारले होते, “गुंगीत असताना आणखी काय काय करणार आहात?” हा प्रश्न विमा कार्डाने सुटत नाही.

सांजवात

विमा पुरेसा नाही याचा पुरावा कॅलिफोर्नियात मिळतो. तेथील उत्तर भागात कैसर पर्मनंटे ही संस्था आपल्या विमाधारकांना शौचाच्या चाचणीचा संच टपालाने घरी पाठवते आणि तो परत आला नाही तर पाठपुरावा करते. सन 2000 मध्ये दोन्ही वर्णांत तपासणीचे प्रमाण सुमारे 40 टक्के होते, ते पुढे 80 च्या आसपास गेले. मृत्यूदरातील अंतर 2007 ते 2009 या काळात लाखामागे 21.6 होते, 2019 मध्ये ते 1.6 वर आले. विमा तर दोन्ही गटांकडे आधीपासूनच होता.

गोदातीर

हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. संच सर्वांच्या घरी एकसारखा गेला, वर्ण न विचारता. विमा पुरेसा नाही, एवढे मी मागे घेतो. परंतु उपाय सर्वांसाठी समान असावा, हे त्यातून अधिकच ठळक होते.

सांजवात

संच समान होता, हे खरे. मात्र अंतर मिटले हे आपल्याला कळले, कारण नोंद वर्णानुसार ठेवली होती. नोंद नसती तर एकूण सरासरी सुधारल्याचे समाधान मानून आपण थांबलो असतो, आणि मागे कोण राहिले हे कोणालाच दिसले नसते.

हडसनकाठ

नोंदीचा मुद्दा आपल्या दाराशीही येतो. न्यू जर्सीतील आम्ही मराठी माणसे ‘आशियाई’ या एकाच रकान्यात मोजले जातो, ज्यात कोरियन, फिलिपिनो, भारतीय सगळे एकत्र असतात. या रकान्यात तपासणीचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी असते, पण त्यात आपले किती, हे त्यावरून समजत नाही. भारतात हा कर्करोग तुलनेने कमी आढळतो आणि तेथील सरकारी तपासणीचा भर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांवर आहे. त्यामुळे मुलांकडे येऊन राहिलेल्या आईवडिलांनी या तपासणीचे नावही ऐकलेले नसते. माझ्या वडिलांनी तो संच सहा महिने कपाटात ठेवला होता. “पोट साफ आहे, मग कशाला?” असे ते म्हणत. अखेर दवाखान्यातून मराठी बोलणाऱ्या एका मुलीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो भरून पाठवला. त्या फोनला गोदातीर वेगळी रांग म्हणतील का, हे मला त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

गोदातीर

नाही, त्याला मी वेगळी रांग म्हणणार नाही. निकष मात्र मी भाषेचा आणि संपर्काचा धरेन, वर्णाचा नव्हे. अटलांटाकर यांच्या त्या वयस्क रुग्णासाठी असा निकष कोणता, याचे उत्तर या घडीला माझ्याकडे नाही.