आम्ही ऊसतोडीच्या फडावर असताना गायरानाचा ठराव होतोय, काय करायचं?

कोरडवाहू:
आमच्या वस्तीतली निम्म्याच्या वर माणसं दिवाळी झाली की उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला जातात, सातबारा कुणाच्याच नावावर नाही, मागं राहिलेली म्हातारी माणसं गायरानात शेळ्या चारतात, सरपणही तिथलंच. आता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्याच गायरानातला मोठा तुकडा एका प्रोजेक्टला द्यायचा ठराव येतोय आणि तेव्हा आम्ही सगळे फडावर. मधेच गावी आलो तर खाडा धरून पैसे कापतात. ज्यांचं पोट त्यावर आहे तेच नसताना ठराव चालतो का?

बांधावरून:
चालतो, हेच वाईट आहे. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते, आणि तहकूब सभेला तर कोरमच लागत नाही. पण गायरान सरकारी जमीन असते, पंचायतीकडे फक्त सांभाळायला, त्यामुळे नुसत्या ठरावाने ती जात नाही, महसूलचा आदेश लागतो. २०११ च्या जगपाल सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने गावच्या सामाईक जमिनी वाचवायला सांगितलंय, त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राचा जीआरपण (सरकारी आदेश) आला. तेव्हा जानेवारीची वाट बघू नका, फडावरच सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन लेखी हरकत तहसीलला द्या आणि पोच घ्याच.

रानवाट:
वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला निदान निम्मी माणसं हजर लागतात, त्यात एक तृतीयांश बाया. गायरानाला हा नियम नाही याचं फार वाईट वाटतं. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून बांबू ग्रामसभाच विकते. चंद्रपूरच्या पाचगावातही बांबूमुळे कामासाठी बाहेर जाणं कमी झालं.

मोगडा:
बांबूचं रान आणि माळाचं गायरान एक नाही हो, गायरान वाचलं म्हणून कोयता, म्हणजे ऊसतोड, सुटणार नाही. पण माझ्या आईने चार शेळ्यांवर दोन आजारपणं काढली, त्या नसत्या तर मुकादमाकडून अजून उचल घ्यावी लागली असती आणि ती फेडायला पुढचा सीझनही गेला असता. एक सांगते, बायकांचे अंगठे आधी घ्या, शेळ्या-सरपण त्याच बघतात.

कोरडवाहू:
आमच्या टोळीत २२ जण आहेत, शेजारच्या दोन टोळ्यापण गावच्याच. आज रात्री कोप्यांवर (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर) फिरतो.